पिसवालं, लाटवालं, ठिपकेवालं

न्हावऱ्यात हौशीरामला सगळं गाव ओळखतं, आणि ते काही त्याच्या शेतीमुळं नव्हे. शेती बेताची, आणि तिच्यातली शेवंती अन् कांदा त्याची बायको सविताच बघते. नोकरीमुळं म्हणावं तर रांजणगावच्या एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर उभी राहणारी माणसं आमच्याकडं घरटी एक आहेत. हौशीरामला ओळखतात ते पखवाजासाठी. भजनी मंडळात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून वाजवतो, आणि कुणाचा सूर सुटला की तोंडानं अवाक्षर न काढता उजवी भुवई एवढीशी वर उचलतो. त्या भुवईला भलेभले टरकून असतात. एकदा सरपंच हौसेनं गायला बसले, दुसऱ्या कडव्याला त्यांनी ती भुवई बघितली, आणि उठून गेले ते पुन्हा मंडळाकडं फिरकले नाहीत.

असा हा कानाचा पक्का माणूस गेल्या दिवाळीनंतर एका गाण्यावरून असा काही गोंधळात पडला, की आठवडाभर त्याला जेवणाची चव कळेना.

त्याची एकुलती एक मुलगी प्रांजल. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबला लागली, आणि दौंडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. शिफ्ट करते, पण जीव सगळा गाण्यात. लहानपणापासून तिची एक खोड आहे. गाताना बापाच्या तोंडाकडं बघायचं. भुवई हलली नाही म्हणजे सूर लागला. शाळेच्या गॅदरिंगला सुद्धा हौशीराम पुढच्या रांगेत येऊन बसल्याशिवाय ही पोरगी तोंड उघडायची नाही, आणि मास्तर मंडळी पडदा धरून ताटकळत उभी.

मंडळातले पेटीवाले भैरूअण्णा अधूनमधून पदं रचतात. त्यातलं एक प्रांजलनं चालीवर बसवलं आणि दौंडच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं. पखवाज अर्थातच बापानं वाजवायचा होता. पण नेमकं त्या दिवशी कंपनीत ऑडिट निघालं, सुट्टी नाकारली, आणि पोरीला दौंडचाच कुणीतरी पखवाजी बसवावा लागला. हौशीराम वरून काही बोलला नाही. आतून मात्र त्याला ते फार लागलं. पोरीचं पहिलं गाणं, आणि हात दुसऱ्याचा. हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

म्हणून एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा तो अर्ध्या जेवणावरून उठला.

"आबा, गाणं आलंय," प्रांजल म्हणाली. "दोन तऱ्हेनं केलंय, साज वेगवेगळा हाय. पुण्याच्या एका संस्थेत गुरूंकडं वर्षभर राहून शिकायला मिळतं, त्याच्या निवडीला एकच पाठवायचं. ह्या न्हाई, पुढल्या मंगळवारी शेवटची तारीख. कुठलं पाठवायचं ते तुम्ही सांगा."

"दोन्हीत फरक काय हाय?"

"ते मी सांगायची न्हाई. सांगितलं की तुम्ही तेवढंच हुडकत बसणार. तुमच्या कानाला जे बरं लागंल ते सांगा. मी तेच पाठवणार, दुसऱ्या कुणाला इचारणार न्हाई."

"मग धाड की फोनवर."

"फोनवर न्हाई. व्हॉट्सॲपवर समदं बारीक मरतं. चांगल्या सर्व्हिसवर ऐका, लॉसलेस. मी दिलेत ते मोठे हेडफोन लावून."

"कुठली सर्व्हिस?"

"तीन-चार हायेत आबा, सगळ्यांवर गाणं हाय. पहिला महिना फुकट असतो. तुम्हाला पटंल ती घ्या."

झालं. 'तुम्हाला पटंल ती घ्या' म्हणून पोरगी मोकळी झाली, आणि बाप बसला लटकत.

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्यानं विषय काढला. आता कंपनीची बस म्हणजे काय, तिथं कांद्याच्या भावापासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. एक म्हणाला मोराचं पीस असलेलं ॲप घ्या. दुसरा म्हणाला पीस जुनं झालं, आता जांभळ्यात लाट असते ते घ्या. तिसऱ्यानं नुसता एक काळा ठिपका असलेलं दाखवलं. मागं बसलेला उत्तर प्रदेशातला एक ऑपरेटर डुलकीतून जागा होऊन म्हणाला, "चाचा, गाना तो गाना है, सब एक ही है," आणि परत झोपला. त्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण झोपलेल्या माणसाचा सल्ला कोण घेतो.

शेवटी हौशीरामनं क्वालिटी विभागातल्या हृतिकला गाठलं. इंजिनिअर पोरगा, गाण्याचा शौकीन, हौशीरामला मामा म्हणतो.

"मामा, सोपं आहे," हृतिक म्हणाला. "गाणं फोनात यायला फार मोठं असतं. म्हणून साधी ॲपं त्यातलं थोडं थोडं कापून टाकतात. लॉसलेसवाले काहीच कापत नाहीत. जसं स्टुडिओत झालं तसंच्या तसं देतात."

हे मात्र हौशीरामला झटक्यात उमगलं. पत्र्यातून पार्ट कापला की कडेचं भंगार किती निघतं हे रोज डोळ्यासमोर. "म्हंजी भंगार काढत न्हाईत," तो म्हणाला.

"बरोबर."

"मग तिन्हीतलं चांगलं कुठलं?"

"तिन्ही चांगली आहेत."

"तिन्ही चांगली मग तिन्ही काढली कशाला?"

तेवढ्यात रांजणगाव आलं आणि सगळे उतरले.

पहिल्या पाळीवरून घरी आल्यावर हौशीराम पत्र्याच्या पडवीत खाटेवर बसला आणि पिसवालं घेतलं. ते आत जाऊ देईना. म्हणे आधी तुमचे तीन आवडते गायक निवडा. समोर गोल गोल तोंडं आली, त्यात ओळखीचं एक नाही. शेवटी ज्यांनी दाढी नीट केली होती अशा तिघांवर बोट ठेवलं आणि सुटका करून घेतली. त्या दिवसापासून पिसवाल्याची समजूत झाली, की न्हावऱ्याचा हा गडी पंजाबी गाण्यांचा भोक्ता आहे. ते बिचारं अजून त्याला रोज सकाळी एक नाचाचं गाणं धाडतं.

पोरीचं गाणं मात्र सापडलं. एकाखाली एक, दोन. त्यानं पहिलं लावलं. पखवाजाचा घुमारा आला, पेटी आली, आणि मग प्रांजलचा आवाज असा काही आला की हौशीरामचा ऊर भरून आला.  मग डोळे पुसून दुसरं लावलं. घुमारा, पेटी, प्रांजल. तेच ते.

पुन्हा पहिलं लावलं. पुन्हा दुसरं. फरक काही हाताला लागेना. पखवाजी बरा होता, डाव्या तोंडाला, धुम्यावर, कणीक जरा जास्त लावली होती एवढंच. पण ते दोन्हीकडं सारखंच. पोरगी म्हणते साज वेगवेगळा, आणि इथं तर कापडाच्या एकाच ताग्यातले दोन तुकडे.

'हे पिसवालं लबाड हाय,' त्यानं ठरवलं. 'दोन नावं देतंय आन् एकच गाणं वाजवतंय.'

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यानं ही लबाडी हृतिकच्या कानावर घातली. हृतिक गंभीर झाला. क्वालिटीवाल्याला दोष सापडला की तो खुलतो. "ब्लूटूथवर ऐकलं ना?" त्यानं विचारलं. "त्यात लॉसलेस येत नाही, मामा. वायर लावा. आणि सेटिंगमध्ये क्वालिटी 'ऑटो' असणार, ती सगळ्यात वरची करा."

वायर हेडफोनबरोबर होती, पण फोनला भोकच नाही. फोनच्या कंपनीनं म्हणे ते भोक काढून टाकलं, कारण आता कुणी वायर लावत नाही. आणि हृतिक सांगतो वायरशिवाय खरं ऐकू येत नाही. ह्या दोघांना एका खोलीत कोंडून ठेवावं, असं हौशीरामला वाटलं. बुधवारी तो शिरूरला उतरला, बाजारातल्या मोबाईलवाल्याकडून फोन आणि वायरीच्या मधली जोडपट्टी आणली, ती लावली आणि ह्या खेपेला लाटवालं घेतलं.

लाटवाल्यात नवीनच फ्याड. गाण्याच्या खाली आकडे दाखवायचं. चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव. हौशीरामनं जिथं जिथं मोठा आकडा दिसला तिथं तिथं बोट दाबलं. गाणं सुरू व्हायला इतका वेळ लागला की सविता रानातून येऊन चहा ठेवून परत गेली. मग आवाज आला. घुमारा, पेटी, प्रांजल. दुसरं लावलं. घुमारा, पेटी, प्रांजल.

"आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकू येणार चांगलं, असंच ना?" त्यानं फोन करून हृतिकला विचारलं.

"तसंच काही नाही, मामा."

"मग आकडा लिहिलाय कशाला रं?"

"ज्याला फरक कळतो त्याच्यासाठी."

हे वाक्य हौशीरामला जरा टोचलं. आपल्याला फरक कळत नाही, असं ह्या पोरानं म्हणावं? पण पोरगं सहज बोललं होतं, वाकड्यात शिरून बोललं नव्हतं. हौशीरामनं राग गिळला आणि ठिपकेवालं घेतलं. ठिपकेवाल्यावर म्हणे स्टुडिओवाले स्वतः ऐकतात. आता तिन्ही ॲपं फोनात, तिन्हींचा पहिला महिना फुकट, आणि गाणं तेच. घुमारा, पेटी, प्रांजल.

त्याला हेडफोनचा संशय आला. मग जोडपट्टीचा. मग न्हावऱ्याच्या टॉवरचा. फोन घेऊन तो बांधावर जाऊन उभा राहिला, की रेंज चांगली आली तर दोन्ही गाणी वेगळी वाजतील. शेवंती तोडणाऱ्या बायका तोडणी थांबवून बघत राहिल्या. सविता म्हणाली, "अहो, गाणं बांधावर काय ऐकताय? घरात ऐका की." तो म्हणाला, "तुला न्हाई कळायचं त्यातलं." असल्या बोलण्याचं सविताला काही वाटत नाही, तिनं पाटी उचलली आणि ती चालायला लागली.

गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन. भैरूअण्णांनी पेटी उघडता उघडता विषय काढला. त्यांच्या नातवानं त्यांना गाणं कुठल्याशा फोनवर ऐकवलं होतं.

"हौशा, पोरीनं नाव काढलं," भैरूअण्णा म्हणाले. "आन् टाळ काय खुललाय रं! बारीक, नाजूक, पदाच्या मागं मागं चालतोय. कोण बसवला व्हता टाळाला?"

हौशीरामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाळ! फरक टाळाचा आहे! पण कुठल्या गाण्यातला टाळ खुललाय, पहिल्या की दुसऱ्या, हे भैरूअण्णांना विचारायचं कसं? ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना भुवई दाखवली त्यानं असं विचारायचं? तो म्हणाला, "व्हय, टाळ झ्याक हाय," आणि पखवाज मांडीवर ओढला.

घरी येऊन त्यानं पुन्हा दोन्ही गाणी लावली, ह्या वेळी टाळ धरून. आणि काय सांगायचं, माणूस एखादी गोष्ट शोधायलाच बसला की ती त्याला सापडतेच. पहिल्यात टाळ असल्यासारखा वाटला. दुसऱ्यात जरा जास्त असल्यासारखा वाटला. पुन्हा ऐकलं तर दुसऱ्यात अगदी मोकळा वाटला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं, आणि तो आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवला.

शुक्रवारी त्यानं प्रांजलला फोन लावला. "दुसरं पाठव," तो म्हणाला.

"का, आबा?"

"टाळ. पयल्यात दबल्यागत हाय. दुसऱ्यात कसा मोकळा खुललाय."

ह्यावर तिनं भलतंच विचारलं. 

"आबा, कशावर ऐकलं?"

"ठिपकेवाल्यावर. तिन्ही बघितली, पण टाळ खरा ठिपकेवाल्यावरच येतो."

"आबा," प्रांजल हळू म्हणाली, "दुसऱ्यात टाळ न्हाईच. दुसरं नुसतं पेटी आन् पखवाजावर हाय. तोच तर फरक हाय."

हौशीरामला तोंडात मारल्यासारखं झालं. पण तोंड बंद ठेवील तो माणूस कसला. "मग ह्या ॲपांनी नावं उलटीपालटी केली असत्याल," तो म्हणाला. "बोगस हायेत तिन्ही."

"मी रविवारी येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारचा दिवस त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. प्रेस दणदणत होता, पायाखालची जमीन नेहमीसारखी हलत होती, आणि हात आपोआप पत्रा सारत होते. आणि त्याला कंपनीतली कानाची तपासणी आठवली. वर्षातून एकदा गाडी येते. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला लावतात, बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. आता प्रेसवाल्यांची ह्यात एक रीत पडून गेली आहे. काचेतून बाहेरचा तपासणारा दिसतो. तो शिटी देताना खांदा जरा पुढं झुकवतो. खांदा झुकला की बटण दाबायचं, बस्स. जुने नव्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात, कारण जो नापास होतो त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला धाडतात आणि तिथं जायला कुणी तयार नसतं. हौशीरामनं कितीकांना हे शिकवलं होतं. सगळे पास. तोही दर वर्षी पास. आपण शिटी ऐकून शेवटचं बटण कधी दाबलं, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवेना.

परतीच्या बसमध्ये त्यानं मुद्दाम डोळे मिटले. भोवती सगळे नेहमीसारखे गप्पा मारत होते. डोळे मिटल्याबरोबर गप्पांचा नुसता गलबला झाला. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. कुणी काय म्हणतंय, काही म्हणजे काही लागेना. त्यानं घाबरून डोळे उघडले, समोरच्याच्या ओठांकडं बघितलं, आणि शब्द परत आले. कांद्याच्या भावाबद्दल चाललं होतं. 

भजनातही हेच असणार. टाळकरी समोर रांगेत बसलेले, त्यांचे हात वरखाली होतात, ते बघून आपण टाळ ऐकल्याचं धरून चालतो. पखवाजाचं तर काय, तो तळहातात आणि मांडीत वाजतो. आणि भुवई? ती आपण गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा बघून उचलतो की काय? हा विचार त्याला सोसेना. गाणं फोनात शिरलं आणि बघायला हातच राहिले नाहीत, म्हणून चोरी पकडली गेली. पण अजूनही त्याच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता की जोडपट्टीच खराब असेल. शिरूरच्या बाजारात काय, काहीही विकतात.

रविवारी सकाळी प्रांजल चौफुल्यावर गाडी बदलून आली. आल्या आल्या पाणीही न घेता तिनं बापाचा फोन हातात घेतला. सविता पडवीत मेथी निवडत बसली होती. तिला एवढंच ठाऊक होतं की गाण्यावरून बापलेकीचं काहीतरी बिनसलंय.

प्रांजलनं पिसवालं बघितलं, लाटवालं बघितलं, ठिपकेवालं बघितलं. हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तिन्हींवर दोन्ही गाणी थोडी थोडी ऐकली. हौशीराम तिच्या तोंडाकडं बघत उभा. एरवी हे उलटं असायचं.

"काय खराबी हाय?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई. तुम्ही तिन्ही बरोबर लावलीत, आबा. सगळ्यात वरच्या क्वालिटीवर. माझ्या फोनातबी एवढं नीट न्हाई."

"मग जोडपट्टी?"

"चांगली हाय."

"टॉवर तर न्हाई ना..."

"आबा," ती म्हणाली, "जरा खाटेवर बसता का? आईकडं तोंड करून."

तो बसला. मोठ्या माणसासारखा नव्हे, दवाखान्यात आणलेल्या पोरासारखा बसला. प्रांजलनं खुंटीवरचा टाळ काढला आणि ती त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

"वाजला की हात वर करा. आन् नाद पुरता विरला की खाली घ्या."

तिनं टाळ वाजवला. हौशीरामला ठक्क असं ऐकू आलं. त्यानं हात वर केला आणि खाली घेतला. आला की टाळ! त्याला एकदम हायसं वाटलं. हसू आलं. त्यानं ते हसू सविताला दाखवावं म्हणून समोर बघितलं.

सविता अजून ऐकत होती. तिचे हात मेथीत थांबले होते, नजर त्याच्या खांद्यावरून मागं टाळावर होती, आणि ती ऐकत होती. हौशीरामचा हात कधीचा मांडीवर आला होता आणि बायको अजून ऐकतच होती. बऱ्याच वेळानं तिनं नजर काढली, ती त्याच्या हातावर आली, मग तोंडावर आली, आणि तिला काय ते कळलं.

"पुन्हा वाजव," हौशीराम म्हणाला. "हळू वाजव. गाण्यात वाजतो तसा."

तो वाट बघत बसला. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तो ऐकू आला. "वाजव की," तो म्हणाला.

"तीनदा वाजवला, आबा."

 सविताला रडू फुटायला आलं होतं, पण नवऱ्यासमोर रडावं की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून ती मेथीच्या काड्या उगीच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवत राहिली. हौशीरामला लाज वाटली, आणि फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ही पोरगी त्याच्या भुवईवर भरवसा ठेवून गात आली होती. ती भुवई किती वर्षं खरी होती आणि किती वर्षं नुसती उचलली गेली, हे आता कुणाला सांगता येणार होतं?

"शिरूरला कानाचे डॉक्टर हायेत," प्रांजल मागूनच म्हणाली. "आपण जाऊ. मशीन मिळतं आता."

"जाऊ."

"आन् आबा, मी काल रात्रीच ठरवलंय. मी दुसरं पाठवते. बिनटाळाचं."

"का?"

"ते तुम्हाला समदं ऐकू येतं. जे तुम्हाला पुरतं ऐकू येतं तेच माझं गाणं. मी बोलले व्हते, तुमच्या कानाला बरं लागंल तेच पाठवणार."

हौशीराम एकदम ताठ बसला. असा आवाज त्यानं घरात कधी काढला नव्हता. "येडी का काय तू? भैरूअण्णासारखा माणूस टाळ खुललाय म्हणला. त्यांचे कान शाबूत हायेत. पयलं पाठव."

"पण तुम्हाला त्यातला टाळ..."

"मला ऐकू येत न्हाई म्हणून लोकांनीबी ऐकू नये व्हय?"

प्रांजलनं टाळ खाटेवर ठेवला. ठेवताना टाळाच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत राहिल्या, पण ते ऐकू आलं तिला आणि सविताला. हौशीराम वळला. "आत्ता पाठव," तो म्हणाला. "मंगळवारची वाट बघू नगं. माझ्या म्होरं पाठव."

तिनं त्याच्यासमोर फोन काढला आणि पहिलं पाठवलं. गेलं का, असं त्यानं दोनदा विचारलं. गेलं, ती म्हणाली.

मग सविता उठली. तिनं हात पदराला पुसले आणि खाटेवरच्या फोनाकडं बघत विचारलं, "मग आता ह्या तिन्हीतलं ठेवायचं कुठलं? का समदी काढून टाकायची?"

हौशीरामनं तिन्ही चित्रांकडं बघितलं. पीस, लाट, ठिपका. आठवडाभर ह्यांच्या नावानं त्यानं बोटं मोडली होती.

"मला काय इचारती?" तो म्हणाला. "तू ऐक आन् तू सांग. टाळ ज्यात लांबवर टिकतो ते ठेवू."

सविताला हेडफोन कसे घालतात हेही माहीत नव्हतं. हौशीरामनं तिचा पदर कानामागं सारला आणि ते तिच्या कानांवर बसवून दिले.